'ग्रुप' केलं म्हणजे नेमकं काय केलं?

आर्किटेक्चर किंवा स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगमध्ये बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग घेऊन संशोधन करायचं म्हटलं, की सिनॉप्सिसमध्ये एक टप्पा हमखास येतो: इमारतीचं मॉडेल तयार करू, त्यातल्या संरचनात्मक घटकांचे गट करू, आणि मग त्या गटांचा अभ्यास करू. मॉडेल कसं करणार यावर अर्धं पान असतं. अभ्यास कसा करणार यावर दोन पानं असतात. मधल्या 'गट करू' यावर मात्र एक ओळही नसते. चार कॉलम निवडले, बटण दाबलं, झाला गट. त्यात सांगण्यासारखं काय आहे?

माझं म्हणणं असं, की सगळ्यात जास्त सांगण्यासारखं तिथेच आहे. कोणते घटक एकत्र धरायचे हे ठरवलं, की पुढचे निम्मे निष्कर्ष ठरून जातात. आणि हा निर्णय बहुतेक वेळा आपण घेतलेलाच नसतो. सॉफ्टवेअरच्या कमांडने तो आपल्या वतीने घेतलेला असतो.

म्हणून ही पोस्ट ट्यूटोरियल नाही, परीक्षण आहे. पुस्तकाचं परीक्षण करताना लेखकाने काय गृहीत धरलंय ते आपण शोधतो. तसंच इथे रेव्हिट, टेक्ला, ईटॅब्स आणि आयएफसी हे फाइल देवाणघेवाणीचं मानक, या चौघांनी 'गट' म्हणजे काय हे कसं गृहीत धरलंय ते बघू. (सुरुवातीलाच एक सोय करून ठेवते: 'बीम' म्हणजे तुळई, बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगला मी 'बी.आय.एम.' लिहीन.)

एका शब्दात तीन दावे

समजा, एखाद्या कारखान्याच्या शेडवर लोखंडी कैच्या आहेत. वरची पट्टी, खालची पट्टी, मधले तिरके आणि उभे तुकडे. मॉडेलमध्ये या सगळ्या तुकड्यांचा तुम्ही गट केलात. आता तुम्ही काय म्हणालात?

पहिली शक्यता: 'ही कैची आणि पलीकडची कैची सारखी आहे.' म्हणजे एक नमुना, बाकी त्याच्या प्रती.
दुसरी: 'हे तुकडे मिळून एक वस्तू होते.' म्हणजे भाग आणि पूर्ण.
तिसरी: 'हे तुकडे एकत्र काम करतात', किंवा 'मला ते एकत्र मोजायचेत.' म्हणजे सदस्यत्व, एखाद्या हेतूपुरतं.

बोलताना तिन्हींना आपण गटच म्हणतो, पण हे तीन वेगळे दावे आहेत. पहिला खोटा ठरला तरी दुसरा खरा राहू शकतो: दोन कैच्या एकसारख्या नसतील, तरी प्रत्येक कैची एक वस्तू आहेच. तिसऱ्याला तर वस्तू असण्याचीही गरज नाही. 'मंगळवारी ओतायचे कॉलम' हा गट कामाचा आहे, पण ती काही एक वस्तू नव्हे.

यातला पहिला दावा संगणकावर फार लवकर आला, आणि तो पीएच.डी. प्रबंधातून आला हे आपल्यासारख्यांना आवडण्यासारखं आहे. आयव्हन सदरलंड यांचा एमआयटीमधला 1963 सालचा स्केचपॅडवरचा प्रबंध. त्यात 'मास्टर' आकृती आणि तिच्या प्रती ही कल्पना आहे: मास्टर बदलला की सगळ्या प्रती बदलतात. आजच्या स्केचअपमधला 'कंपोनंट' आणि रेव्हिटमधलं 'टाइप'-'इन्स्टन्स' हे नातं याच घराण्यातलं. कल्पना इतकी सोयीची निघाली, की गट म्हणजे सारखेपणा असं समीकरण पुढे आपोआप पक्कं झालं. इथूनच गडबडीला सुरुवात होते.

रेव्हिटचा ग्रुप: चांगला नोकर, वाईट साक्षीदार

रेव्हिटमधला 'मॉडेल ग्रुप' सारखेपणाच्या कामाला उत्तम आहे. हॉटेलच्या खोल्या, हॉस्टेलचे मजले, एकाच नकाशाचे फ्लॅट: एका ठिकाणी दुरुस्ती करा, सगळीकडे होते. ड्रॉइंग काढणाऱ्या ऑफिसचा वेळ यात खरोखर वाचतो. त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही.

पण संशोधक त्याच ग्रुपकडे माहिती म्हणून बघायला लागला, की तीन अडचणी दिसतात.

एक. ग्रुपमध्ये कारण लिहिलेलं नसतं. ग्रुपला नाव असतं, सदस्य असतात. ते का एकत्र आहेत हे सांगण्याची सक्ती कुठेच नाही. 'टिपिकल फ्लोअर कॉलम' या नावाचा ग्रुप सारखेपणासाठी केला, मोजमापासाठी केला, की निव्वळ चटकन निवडता यावं म्हणून केला, हे दुसऱ्याचं मॉडेल उघडून कळत नाही.

दोन. सारखेपणा बिघडला, तर तो मान्य करण्याऐवजी लपवायची सोय आहे. एखाद्या प्रतीतला एक बीम नको असेल, तर तो त्या प्रतीपुरता वगळता येतो. वगळलेला बीम दिसत नाही आणि शेड्यूलमध्ये मोजलाही जात नाही. पण ग्रुपचं नाव तेच राहतं. म्हणजे एकाच नावाच्या दोन प्रतींमध्ये बीमची संख्या वेगळी असू शकते. 'हा ग्रुप आठ वेळा आलाय, म्हणून आठ गुणिले इतके बीम' असा हिशेब कोणी केला, तर तो चुकेल, आणि चुकल्याचं कळणारही नाही.

तीन. प्रत्यक्ष संरचना सारखेपणाला फार काळ जुमानत नाही. वास्तुरचनेत पाचवा आणि पहिला मजला एकसारखा असू शकतो. पण पहिल्या मजल्याच्या कॉलमवर वरच्या सगळ्या मजल्यांचा भार असतो, पाचव्याच्या कॉलमवर फक्त छपराचा. सळई बदलते, कधी मापही बदलतं. नकाशात जे 'टिपिकल', ते भाराच्या दृष्टीने टिपिकल नसतं. आर्किटेक्टने केलेला ग्रुप स्ट्रक्चरल अभ्यासाला तसाच उचलला, तर चुकीच्या दाव्यावर आपण अभ्यास उभा केलेला असतो.

असेम्ब्ली: तेच घटक, उलटा नियम

आता रेव्हिटचीच दुसरी कमांड बघा. 2012 च्या आवृत्तीत 'असेम्ब्ली' आली. दिसायला ग्रुपसारखीच, पण वागणं बरोबर उलटं. ग्रुपची एक प्रत बदलली, की बाकीच्या तिच्यामागे जातात. असेम्ब्लीची एक प्रत बदलली, की ती बाकीच्यांपासून वेगळी होते आणि तिचा नवा टाइप तयार होतो. ग्रुप म्हणतो, 'तुम्ही सारखे आहात, सारखेच राहा.' असेम्ब्ली विचारते, 'तुम्ही अजून सारखे आहात का?'

संशोधकाच्या नजरेने दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक आहे. इथे सारखेपणा गृहीत धरलेला नाही, तपासलेला आहे. फॅब्रिकेशनला हेच हवं असतं, कारण कारखान्यात दोन नग 'जवळजवळ सारखे' असून चालत नाही.

पण इथेही कुंपण आहे. रेव्हिटमध्ये एक घटक एकाच असेम्ब्लीत राहू शकतो. असेम्ब्लीत दुसरी असेम्ब्ली ठेवता येत नाही, ग्रुपही ठेवता येत नाही. आणि गंमत म्हणजे रेव्हिटचा स्वतःचा 'ट्रस' म्हणजे कैची हा ऑब्जेक्ट किंवा 'बीम सिस्टिम' हा ऑब्जेक्ट अख्खाच्या अख्खा असेम्ब्लीत घेता येत नाही. कारखान्यात जोडून ट्रकवर चढवायची वस्तू म्हटल्यावर कोणालाही पहिल्यांदा कैची आठवेल. आणि तीच या दारातून सरळ आत येत नाही! यात कोणाचा निष्काळजीपणा शोधायची गरज नाही. 'ट्रस' हा सॉफ्टवेअरच्या लेखी आधीच एक गट आहे, वेगळ्या नियमांनी बांधलेला. आणि गटाच्या दोन कल्पना एकमेकींत बसत नाहीयेत.

टेक्लाने हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरलाय, आणि मला तो जास्त पटतो. तिथे स्टीलची असेम्ब्ली जोडातून तयार होते. वेल्ड 'वर्कशॉप'चं आहे की 'साइट'चं हे सांगावं लागतं. वर्कशॉपमधल्या वेल्डने जोडलेले तुकडे एका असेम्ब्लीत जातात, त्यातला एक मुख्य भाग आणि बाकीचे दुय्यम. म्हणजे गटाचं कारण मॉडेलमध्येच नोंदलेलं आहे: हे तुकडे एकत्र आहेत, कारण ते कारखान्यातून जोडूनच बाहेर पडणार आहेत. दुसरा माणूस मॉडेल उघडून हा दावा तपासू शकतो. सॉफ्टवेअर कोणतंही असो, गट तपासता येतो की नाही ही कसोटी मी इथूनच घेते.

झाड की जाळं?

आता मूळ आक्षेपाकडे येते. त्यासाठी सॉफ्टवेअर जरा बाजूला ठेवून ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्याकडे जायला हवं. त्यांचं 1964 चं 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' हे पुस्तक, मुळात त्यांच्या हार्वर्डमधल्या पीएच.डी.च्या कामातून आलेलं. त्यात भारतातल्या सुमारे 600 वस्तीच्या एका खेड्याचं उदाहरण आहे. खेड्याच्या 141 गरजांची यादी करून, कोणती गरज कोणत्या गरजेशी जोडलेली आहे ते मांडून, त्या सगळ्याचे गणिताने गट पाडले: बारा छोटे गट, ते चार मोठ्या गटांत, आणि ते चार मिळून अख्खं खेडं. फांद्या फुटत गेलेलं नीटनेटकं झाड.

पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, त्यांनी 'अ सिटी इज नॉट अ ट्री' हा लेख लिहिला. त्यातला मुद्दा असा: झाडाच्या रचनेत कोणतेही दोन गट घ्या, एक तर एक दुसऱ्याच्या पूर्ण पोटात असतो, नाहीतर दोघांचा काही संबंध नसतो. खऱ्या शहरात गट एकमेकांवर चढलेले असतात. अलेक्झांडर शहराबद्दल बोलत होते. पण त्यांची व्याख्या बीम-कॉलमच्या सांगाड्याला लावून बघा.

तीन रेषा आणि चार रेषा अशा ग्रिडवर उभी असलेली एक साधी आर.सी.सी. इमारत घ्या. कॉलमच्या जागा बारा. एका दिशेने प्रत्येकी चार कॉलमच्या तीन फ्रेम, दुसऱ्या दिशेने प्रत्येकी तीन कॉलमच्या चार फ्रेम. एकूण फ्रेम सात. प्रत्येक कॉलम एकाच वेळी दोन फ्रेममध्ये आहे, म्हणजे सदस्यत्वं चोवीस. आता नियम करा, की एक घटक एकाच गटात. सदस्यत्वं उरली बारा. समजा पहिल्या दिशेने गट केले. तर दुसऱ्या दिशेच्या चारही फ्रेम मॉडेलमधून नाहीशा झाल्या. इमारतीत त्या आहेतच, आणि भूकंपाचा धक्का त्या दिशेने आला तर त्याच कामाला येणार आहेत. फक्त आपल्या माहितीत त्या नाहीत.

म्हणून डबा आणि यादी यांतला फरक महत्त्वाचा. रेव्हिटची असेम्ब्ली हा डबा आहे: वस्तू एका डब्यात टाकली की दुसऱ्यात नाही. ईटॅब्स किंवा सॅप 2000 मधला ग्रुप ही यादी आहे: एकच कॉलम हव्या तितक्या याद्यांत नाव लावू शकतो. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला हे परवडत नसतं, तर त्याचं कामच झालं नसतं. तिथे ग्रुपवरून सेक्शन कट घेऊन त्या जागचे एकूण बल काढतात. सॅपमध्ये बांधकामाचे टप्पे दाखवताना कोणता ग्रुप कधी उभा राहिला ते सांगतात. गट तिथे हेतूपुरता असतो आणि हेतू बदलला की दुसरा गट.

रेव्हिटच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी. पूर्वी भौतिक मॉडेल केलं, की विश्लेषणाचं मॉडेल त्याला चिकटूनच तयार व्हायचं. 2023 च्या आवृत्तीपासून ही दोन मॉडेलं स्वतंत्र झाली आणि त्यांच्यात नातं जोडायची सोय आली. बांधायची वस्तू आणि भार वाहणारी व्यवस्था यांची विभागणी एकच असेल असं नाही, ही त्यातली कबुली मला महत्त्वाची वाटते.

आयएफसीने काय बरोबर केलं, आणि काय सोडलं

आयएफसी हे आयएसओ 16739 म्हणून मान्य झालेलं मानक आहे. त्याची कागदपत्रं रुक्ष आहेत, वाचताना झोप येते. पण संशोधनाची तयारी करताना निदान हा भाग वाचाच, कारण आपले तीन दावे तिथे वेगवेगळे ठेवलेत. सारखेपणासाठी टाइपचं नातं वेगळं. भाग आणि पूर्ण यासाठी जोडणीचं नातं वेगळं. त्यातल्या 'एलिमेंट असेम्ब्ली'त कैची, गर्डर, रिजिड फ्रेम असे प्रकार आहेत, आणि जोडणी साइटवर होणार की कारखान्यात हे लिहायलाही जागा आहे. आणि हेतूपुरत्या सदस्यत्वासाठी 'ग्रुप' वेगळा: त्याला स्वतःचा आकार नाही, आणि एक घटक अनेक ग्रुपमध्ये असू शकतो. विश्लेषणाचं मॉडेल हाही तिथे ग्रुपचाच एक वंशज.

म्हणजे शब्द आहेत. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, जागेची रचना तिथेही झाडासारखीच आहे: प्रकल्प, साइट, इमारत, मजला, आणि प्रत्येक घटक एकाच मजल्याच्या हवाली. चार मजले सलग गेलेला कॉलम कोणाचा? एका मजल्यात तो 'सामावलेला' दाखवायचा आणि बाकीच्या मजल्यांतून त्याचा नुसता 'संदर्भ' द्यायचा, अशी तडजोड आहे. तडजोड शहाणपणाची आहे, पण संदर्भाचा भाग भरला नाही तरी फाइल चालते. दुसरी, ग्रुपचं वर्णन लिहायला जागा आहे, पण ते ऐच्छिक आहे. आणि ऐच्छिक रकान्याचं काय होतं ते आपण सगळे जाणतो.

'पण सॉफ्टवेअर संशोधनासाठी बनवलेलंच नाही'

हा आक्षेप कोणीतरी घेणारच, आणि तो रास्त आहे. ऑफिसला ड्रॉइंग वेळेत द्यायचं असतं. प्रत्येक ग्रुपला कारण विचारणारं सॉफ्टवेअर कोणी वापरणार नाही. डबा वेगवान असतो, आवरलेला असतो, त्यात चुका कमी होतात. एक घटक एकाच असेम्ब्लीत हा नियमही फॅब्रिकेशनच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे: एक तुकडा दोन ट्रकवर चढू शकत नाही.

मान्य. पण मग त्याचा अर्थ असा, की ऑफिसच्या सोयीसाठी केलेली विभागणी ऑफिसच्या सोयीबद्दलच सांगते. ती इमारतीच्या वागण्याचा पुरावा होत नाही. माझी टीका सॉफ्टवेअरवर थोडी आणि आपल्यावर, म्हणजे त्यातला डेटा उचलणाऱ्यांवर, जास्त आहे. कमांडच्या मागचा हेतू न विचारता आपण तिचं आउटपुट 'डेटा' म्हणून लिटरेचरमध्ये नेतो.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

मघाचीच इमारत घ्या, पाच मजल्यांची. कॉलम प्रत्येक मजल्यावर तोडून मॉडेल केले तर संख्या 60. पायापासून गच्चीपर्यंत सलग केले तर 12. काँक्रीटचं एकूण आकारमान दोन्हीकडे तेच. आता 'दर कॉलममागे सरासरी किती क्लॅश' असं मोजमाप तुम्ही घेतलंत, तर दुसऱ्या मॉडेलचं उत्तर पहिल्याच्या पाचपट येऊ शकतं, आणि इमारत तीच आहे! म्हणून आधी आपली मापं दोन खणांत लावा: गट बदलला तरी न बदलणारी, जसं आकारमान, वजन, एकूण लांबी, आणि गटासोबत बदलणारी, जसं संख्या, सरासरी, 'दर घटकामागे' असलेलं काहीही. दुसऱ्या खणातलं माप वापरायला बंदी नाही, पण त्याच्याशेजारी गट कसा केला हे लिहिलंच पाहिजे.

त्यासाठी चार प्रश्न पुरतात. हा गट सारखेपणाचा आहे, भाग-पूर्णाचा आहे, की हेतूपुरता? हे कोणी ठरवलं: मी, मॉडेल करणाऱ्या ऑफिसने, की सॉफ्टवेअरने आपोआप? (रेव्हिट बीमला गर्डर, जॉइस्ट, पर्लिन ही ओळख तो कशावर टेकलाय ते बघून स्वतःच देतं, आणि वापरणारा ती बदलूही शकतो. म्हणजे त्या रकान्यात दोघांची अक्षरं मिसळलेली असतात.) एक घटक दोन गटांत जाऊ शकतो का, आणि नसेल तर कोणती नाती गळाली? आणि शेवटचा: गट वेगळा केला असता, तर माझा निष्कर्ष टिकला असता का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी देऊ नका, करून बघा. एकच मॉडेल, दोन प्रकारे गट, तेच विश्लेषण दोनदा. एक-दोन दिवसांचं काम आहे. निष्कर्ष दोन्हीकडे तोच आला, तर प्रबंधात तसं एक वाक्य लिहा. परीक्षकाचा एक मोठा प्रश्न आधीच मिटला. वेगळा आला, तर घाबरू नका आणि लपवूही नका. गटासोबत निष्कर्ष का सरकतो, हा स्वतःच एक संशोधनाचा प्रश्न आहे, आणि कदाचित मूळ प्रश्नापेक्षा चांगला. सध्याचं मॉडेल हाताशी असेल, तर त्यातला एकच ग्रुप उघडा, वरचे चार प्रश्न विचारा, आणि काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा. कोणत्या प्रश्नावर अडलात तेही लिहा.